सत्तावनीचं पाणी

चांगुणाबाईला गप्प बस म्हणणारे आयुष्यात बरेच भेटले. तिला गप्प बसवणारा मात्र कुणी निघाला नाही. सासरा सांगून थकला, गावचा पाटील दटावून थकला. सातपूरला कारखान्यांची बांधकामं निघाली तेव्हा ती पाट्या वाहायला जायची, तिथल्या मुकादमानंही जीभ झिजवून पाहिली. नवरा सावळीराम तर लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून म्हणत होता आणि पुढं पुढं नुसता सवयीनं म्हणत होता. बाई उंचीनं बेताची, अंगानं काटकुळी. पण बोलायला लागली की समोरचा माणूस आपोआप एक पाऊल मागं सरायचा. अशा माणसाचं कधीतरी चुकतं, आणि चुकलं की तेही चारचौघांत, मोठ्या आवाजात चुकतं. चांगुणाचं एकदा तसं चुकलं. ते निस्तरायला तिनं पोरीचं ठरलेलं लग्न पणाला लावलं, आणि ही हकीकत त्या लग्नाचीच आहे.

सातपूरच्या पुढं, त्र्यंबकच्या रस्त्यापासून जरा आत कारळगाव आहे. वसाहतीतले भोंगे गावात ऐकू येत, आणि गावातली निम्मी तरणी पोरं त्या भोंग्यांवर उठत-बसत. सावळीरामही एका इंजिनिअरिंग कारखान्यात पाळीवर जायचा. गावाच्या उतरत्या अंगाला बौद्धवाडा, आणि वाड्याच्या मधोमध एक विहीर. तिचं नाव सत्तावनी.

हे नाव का पडलं ते सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं काहीच कळायचं नाही. छप्पन साली दीक्षा झाली. वाड्यानं घरातले देव नदीत सोडले आणि गावकीची कामंही सोडली. मेलेली ढोरं ओढणं बंद. पटकीची साथ आली की मरीआईचा गाडा वेशीबाहेर ओढून न्यायचा मान वाड्याचा होता. तो मानही गावाला परत केला. गावानं त्याचा राग पाण्यावर काढला. गावच्या विहिरीवर चढायला वाड्याला मुभा नव्हतीच. खाली दगडापाशी घागर ठेवून उभं राहायचं, कुणाला दया आली तर वरून ओतायचं. तहान लागली असेल तर ओंजळ धरायची. नवी नवरी असताना चांगुणाही त्या दगडापाशी ओंजळ धरून उभी राहिलेली होती. वरून सोडलेलं पाणी ओंजळीत थोडं राहतं आणि कोपरांवरून ओघळून लुगडं भिजवतं, हे तिला तेव्हापासून माहीत. आता तेवढं ओतणंही बंद झालं.

मग वाड्यानं स्वतःची विहीर खणायला घेतली. सत्तावन सालचा अख्खा उन्हाळा बाप्ये खाली पहारी मारत होते आणि बाया वर पाट्या उपसत होत्या. सावळीरामच्या मिशा तेव्हा नुकत्या फुटल्या होत्या. चांगुणाच्या पाटीला हात द्यायला शेजारची नवसाबाई असायची, आणि दोघी मिळून गावाच्या नावानं अशी गाणी रचायच्या की खालून बाप्ये ओरडायचे, अगं हसवू नका, पहार पायावर पडंल. काळा पाषाण फोडून पाणी लागलं त्या दिवशी सावळीराम चिखलानं माखलेला वर आला आणि त्यानं पहिला तांब्या बायकोच्या हातात दिला. तांब्या तोंडाला लावून चांगुणा घटाघटा प्याली. पुन्हा जन्मात ओंजळ धरणार नाही, असं ती तेव्हाच बोलून बसली.

तर सत्तावनी ही नुसती विहीर नव्हती. वाड्यातली माणसं पाहुण्याला आधी ती दाखवायची, मग घर.

अठ्ठ्याहत्तर साली चांगुणाची लेक लता हिचं लग्न मनमाडला ठरलं. मुलगा रंगनाथ रेल्वेच्या वर्कशॉपात चिकटलेला. बाप पुंजाराम रेल्वेतच मदतनीस खलाशी, स्वभावानं गरीब. आई लंकाबाई मात्र घराची सूत्रं कमरेला खोचून हिंडणारी. एवढं चांगलं स्थळ वाड्यात आजवर कुणाला मिळालं नव्हतं. साखरपुड्याला लंकाबाईनं लग्न मनमाडला करू म्हणून सुचवलं, तेव्हा चांगुणा सगळ्यांसमोर म्हणाली की मनमाडला माणसाला प्यायला पाणी मिळंना, वऱ्हाडाला काय पाजाल? आमच्या दारात या, सत्तावनीचं पाणी प्या, आणि जाताना वाटलंच तर घागरी भरून न्या. मनमाडकरांना हसू आलं, कारण ते खरं होतं. लंकाबाईला आलं नाही, कारणही तेच होतं. उन्हाळ्यातली तारीख ठरली, पत्रिका वाटल्या गेल्या, वाड्यात मांडवाच्या मेढी येऊन पडल्या.

आणि वाड्यातल्या धोंडीरामच्या धाकट्या पोराला जुलाब-उलट्या सुरू झाल्या.

पाठोपाठ अजून दोन घरांत झालं. वाड्यानं ठरवून टाकलं की ऊन बाधलं. पटकीचं नाव कुणी काढेना. काढायचं कसं? दारात लग्न, आणि वरती गाव टपूनच बसलेलं. त्या उन्हाळ्यात सत्तावनी तळाला गेली होती. कठड्याला खिंड पडलेली, बाया कपडे काठावरच धुवायच्या, आजाऱ्यांचीही धुवायच्या, आणि ते पाणी फटींतून परत आत झिरपायचं. रोज डोळ्यांदेखत चाललं होतं, पण आपली विहीर नासू शकते हे कुणाच्या मनातच येत नव्हतं. लेकाचे दोष आईला दिसत नाहीत, तसं ते होतं.

उपकेंद्रातली नर्सबाई पाणी शुद्ध करायच्या पावडरचा डबा घेऊन आली. तिनं घरं पाहिली, पोरांचे डोळे पाहिले आणि सरळ विहिरीकडं आली. हा गॅस्ट्रो आहे, पाणी बिघडलंय, पावडर टाकून विहीर काही दिवस बंद ठेवू, असं ती समजुतीनं सांगत होती. चांगुणानं पुढं होऊन तिच्या हातातला डबा काढून घेतला आणि कठड्यावर ठेवून त्यावर हात ठेवला.

"गाव जन्मभर म्हणत आलं, तुमचं पाणी बाटलेलं. आता सरकारबी तेच म्हणून राह्यलं का?"

रोग जात बघत नाही, असं नर्सबाई म्हणाली.

"रोग बघत नसंल, बाई. पावडर बघती. गावच्या विहिरीत टाकली का आधी?"

नर्सबाई खरं बोलणारी होती. अजून नाही टाकली, म्हणाली. आजार इथं दिसला म्हणून आधी इथं आले.

"मग तिथनं सुरू करा," असं म्हणून चांगुणानं डबा तिच्या हातात परत दिला. वाडा हसला. नवसाबाईनं तर जुन्या गाण्याची एक ओळही फेकली. नर्सबाई खालमानेनं निघून गेली आणि चांगुणाला वाटलं, आज सत्तावनीची लाज आपण राखली.

दोन दिवसांनी नवसाबाईच आडवी झाली. सकाळी सुरू झालं ते दुपारपर्यंत तिचे डोळे खोल गेले, बोटांची कातडी सुरकुतली, आवाज बसला. टेम्पो मिळवून तिला सिव्हिलला न्यायला निघाले तेव्हा तिचं डोकं चांगुणाच्या मांडीवर होतं. वाटेत तिनं पाणी मागितलं. घरून भरून घेतलेला तांब्या होता, त्यातलं सत्तावनीचं पाणी चांगुणानं घोट घोट करून तिच्या तोंडात घातलं. दवाखान्याचं फाटक दिसायच्या आतच नवसाबाई गेली. लताला हळद लागताना गाणी म्हणणार होती ती, आणि तिला पोचवायला वाड्याला पुरुषही कमी पडले, इतकी घरं आजारी. डॉक्टरनं पाण्याचंच नाव घेतलं. त्या तांब्याची आठवण चांगुणाला पुढं जन्मभर टोचत राहिली. ती कुणाला सांगून हलकी होणारी गोष्ट नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी माती देऊन आल्यावर चांगुणा घरात गेलीच नाही. विहिरीवर गेली, पोहरा वर ओढला, दोर चाकावरून काढून गुंडाळला आणि काखेत मारला. मग उपकेंद्राकडं निघाली. नर्सबाई दारातच होती. चांगुणा तिला म्हणाली, "बाई, माझं चुकलं. चला. आता डबा मीच उचलते."

नर्सबाई एवढंच म्हणाली की तुम्ही सांगितलंत तसं गावच्या विहिरीत कालच टाकलीय. चांगुणानं डबा उचलला आणि विहिरीकडं चालू लागली.

दुपारी पहिल्या पाळीवरून सावळीराम आला तो विहिरीभोवतीची गर्दी बघून तिथंच थांबला. पाण्यावर पांढरा तवंग आला होता, वास सुटला होता. दोर-पोहरा बायकोच्या काखेत. वाड्यातले वडीलधारे त्याचीच वाट बघत होते. त्यांचं म्हणणं साधं होतं. झालं ते झालं, पण बाहेर बोलायचं नाही. लग्न तोंडावर आलंय, मनमाडला कळलं तर सोयरीक मोडेल. मोडलेल्या लग्नाच्या पोरीला कोण विचारतं? गुपचूप दुसरीकडून पाणी आणू आणि लग्न उरकून टाकू. त्यात कुणाची दुष्टबुद्धी नव्हती. सगळ्यांना लताचं भलंच हवं होतं.

नर्सबाईनं साफ सांगितलं की शेवटचा आजारी बरा होऊन विहीर गाळ काढून धुतली जाईपर्यंत पंगत नको. बाहेरचं वऱ्हाड बोलवाल तर ते रोग बांधून घरी नेतील.

सावळीरामला पंगत सुचत नव्हती. त्याला तो पांढरा तवंग दिसत होता. तो बायकोला म्हणाला, "मपल्या हातची विहीर हाय ही. तू गावाला हसायला जागा करून दिली."

"हातची हाय म्हणून नासणार नाय का? पोरगं पोटचं असलं तरी आजारी पडतंच ना."

"उद्या गाव म्हणंल, आम्ही सांगत होतो."

"म्हणू द्या. गावानं पाणी तोडलं तवा आपण मेलो नाय. आता आपल्याच विहिरीच्या ताठ्यापायी मरायचं?" तिचा आवाज चढला आणि मग एकदम उतरला. "नवसाला मी पाजलंय ते पाणी. माझ्या हातानं."

सावळीराम घरात निघून गेला. त्या दिवसापासून त्यानं बायकोशी बोलणं टाकलं. भाकरी वाढली तर खायचा, पण तिच्याकडं बघायचा नाही. लग्न पुढं ढकलायचा निरोप घेऊन मनमाडला मी जाणार नाही, हे त्यानं भिंतीकडं बघून सांगितलं. ठरलेलं लग्न पुढं ढकललं की मोडतं, असं त्याचं म्हणणं होतं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं.

आधी पाण्याचा प्रश्न होता. वाड्याला प्यायला थेंब नाही. गावच्या विहिरीवर कुणालाही पाणी भरता येईल असा कायदा होऊन जमाना लोटला होता, पण वाड्यातलं कुणी तो आजमावायला गेलं नव्हतं. सत्तावनी असताना जायचं तरी कशाला? दुसऱ्या दिवशी सकाळी चांगुणा डोक्यावर घागर घेऊन चढण चढायला लागली. मागं वळून पाहिलं नाही. पण पावलं ऐकू येत होती, एकेक करून बाया येत होत्या. जुन्या दगडापाशी ती थांबली नाही. पायऱ्या चढून थेट वर गेली आणि तिनं गावच्या दोराला हात घातला.

सरपंच कारभारीआप्पा समोरच्या ओट्यावर दात घासत बसले होते. चूळ भरून ते उठून आले. सत्तावनी आटली का नासली, असं त्यांनी गोड आवाजात विचारलं.

"नासली," चांगुणा म्हणाली. "पावडर टाकलीय. तुमच्याबी विहिरीत टाकलीय, विचारा नर्सबाईला."

आप्पांना नर्सबाईशी कर्तव्य नव्हतं. ते म्हणाले की पावडरनं काय होणार आहे, मरीआईला सोडलं त्याचं हे फळ. वाड्यानं रिवाजाप्रमाणं गाडा ओढून वेशीबाहेर काढावा. तेवढं केलं की मग पाणी न्या, कोण अडवतंय? त्यांच्या बोलण्यात अरेरावी नव्हती. उलट आपण फार मोठ्या मनानं वाट काढून देतोय, असाच चेहरा होता, आणि चांगुणाला त्याचाच जास्त संताप आला. मागं उभ्या असलेल्या बायांमध्ये चुळबुळ झाली. घरात पोरं तहानलेली, आणि गाडा ओढणं तर एका सकाळचं काम. एक म्हातारी पुटपुटलीही, ओढू या की एकदा.

चांगुणानं घागर भरली, डोक्यावर घेतली आणि मग बोलली. "गाडा नाय ओढणार, आप्पा. पाणी मात्र नेणार. रोज नेणार. अडवायचं असंल तर माझा हात धरून अडवा, म्हंजे मला ठाण्यात काय सांगायचं ते नीट सांगता येईल."

आप्पा बाजूला झाले असं नाही, पण पुढंही आले नाहीत. एकामागून एक घागरी भरल्या गेल्या. उतरताना जुन्या दगडाशी चांगुणाचं पाणी हिंदकळलं, ते तिनं हातानं सावरलं आणि पुढं गेली.

आता मनमाड राहिलं. निघताना तिनं लताला पुढ्यात बसवून विचारलं. पोरगी आधी रडली. मेढीकडं बघत बराच वेळ बसली, मग तोंड धुऊन आली आणि म्हणाली, आई, त्यांना खरं ते सांग, खोटं सांगून नांदायला मला नाही जायचं. चांगुणानं साबण लावून हात घासले, धुतलेलं लुगडं नेसली, नाशिकरोडवरून पॅसेंजर धरली आणि एकटी मनमाडला उतरली. नवरीची आई अशी बिनबोलावता, एकटी, रित्या हातानं सोयऱ्याच्या दारी जात नाही. ती रेल्वेच्या चाळीतून चालत गेली तेव्हा दारादारांतून बायका बघत होत्या.

लंकाबाईनं बसायला पाट टाकला. चांगुणा आत गेली नाही, उंबऱ्याच्या बाहेर ओट्यावरच बसली. काय झालं ते तिनं एका दमात सांगितलं. पटकीचं नाव घेऊन सांगितलं, नवसाबाईचं सांगितलं, डबा परत पाठवल्याचंही सांगितलं. शेवटी म्हणाली की लग्न पुढं घ्यायचं, पाऊसकाळ उलटल्यावर.

पुंजारामनं मान डोलावली. त्यानं बायकोकडं बघितलं आणि डोलावायची थांबवली. लंकाबाईचे प्रश्न सुरू झाले. पोरीत काही खोट निघाली का? दुसरं स्थळ आलं का? असं काय आभाळ कोसळलंय की पत्रिका वाटल्यावर लग्न ढकलावं? मग तीच मऊ झाली आणि तिनं तोड काढली. पोर चांगली असेल तर आजच तिला इकडं आणा. ठरल्या तारखेला इथंच, चार माणसांत लग्न लावू. तुमच्या विहिरीचं तुम्ही नंतर बघा.

एका शब्दात पोर सुटत होती. वाड्यातून सुटत होती, रोगातून सुटत होती, लोकांच्या तोंडातून सुटत होती. पण पोरगी परवापर्यंत तेच पाणी पीत होती. उद्या तिच्याच हातून रोग या घरात आला तर? तिनं तसं सांगितलं. आणि वाड्यातली निम्मी माणसं अंथरुणाला असताना त्यांच्या पोरीला गुपचूप बाहेर काढून लग्न लावायचं, हे तिच्या गळ्याखाली उतरेना. तेही तिनं सांगितलं.

लंकाबाईचा तोल सुटला. "ठरलेली येळ टळली की टळली. तारीख काय उगाच धरली होती? मुहूर्त बघूनच..." आणि ती मध्येच थांबली.

आतल्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती, तिला ताजा हार घातलेला. पुंजाराम पायाच्या अंगठ्याकडं बघू लागला. गावातल्या भटजीकडून गुपचूप पंचांग बघून आणलेलं होतं हे उघड झालं होतं. बाईचंही काय चुकलं म्हणा, एकुलता एक लेक. जुनी भीती एका दीक्षेनं जात नाही.

चांगुणा हसली नाही. हसली असती तर लग्न तिथंच मोडलं असतं. ती म्हणाली, "इहीणबाई, देव सोडले तवा मपल्याबी सासूनं देवाचा एक टाक पिठाच्या डब्यात लपवला होता. सोडणं सोपं नसतं. पण पंचांगापायी जर आपण लगीन थांबवायचो, तर माणसाच्या जीवासाठी का नाय थांबवायचं?"

लंकाबाई उठून आत गेली. रिवाजाप्रमाणं पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि समोर धरला. बाहेर रणरणतं ऊन होतं, चांगुणाचे ओठ सुकले होते. तिनं तांब्याला हात लावला नाही. ती ओट्यावरून खाली अंगणात उतरली, वाकली आणि दोन्ही हातांची ओंजळ तोंडाशी धरली.

"वरून वाढा," ती म्हणाली.

लंकाबाईच्या हातातला तांब्या डचमळला. "आपल्या माणसाला वरून पाणी? माझ्या दारात? मी नाय करायची हे पाप."

"मी आजाऱ्यांच्यातनं आले. माझा हात, माझं तोंड तुमच्या भांड्याला नको. तुमच्या चाळीत पोरंबाळं हायती." चांगुणानं ओंजळ तशीच ठेवली. "गावानं धरायला लावली ती ओंजळ येगळी होती. ही मी धरलीय. वाढा."

लंकाबाईनं पाणी सोडलं. धार वाकडी-तिकडी पडत होती. चांगुणा प्याली. पाणी कोपरांवरून ओघळून धुतलं लुगडं भिजलं. पदरानं तोंड पुसून तिनं जय भीम घातला आणि एवढं सांगितलं की लग्न मोडायचं तर मोडा, तुम्हाला बोल लावणार नाही. पण लागलं तर आमच्या दारात लागेल, आणि सत्तावनीच्याच पाण्यावर लागेल. लंकाबाईच्या तोंडून बघू एवढाच शब्द निघाला.

तो बघू घेऊन चांगुणा घरी आली. सावळीराम खाटेवर भिंतीकडं तोंड करून बसला होता. तिनं त्याच्या पाठीलाच सगळं सांगितलं. ओंजळीचंही सांगितलं. सावळीराम वळला नाही. दुसऱ्या दिवशी तो पाळीवर गेला नाही. कोपऱ्यातली गंजलेली पहार काढली, दोर बायकोच्या हातून काढून घेतला आणि सत्तावनीत उतरला.

तो उतरल्यावर धोंडीराम उतरला, मग बाकीचे उतरले. गाळ उपसला, भेगा सिमेंटनं बुजवल्या, कठडा वर घेतला, धुण्याचा दगड विहिरीपासून लांब नेऊन टाकला. चांगुणा वर पाट्या घेत होती. शेजारी हात द्यायला नवसाबाई नव्हती. तिची जागा लतानं घेतली. एका पाटीबरोबर सावळीरामनं खालून हाक मारली, चांगुणे, दोर ढिला सोड. कित्येक दिवसांनी तो तिच्याशी बोलला होता.

मनमाडची काही खबर नव्हती. पाऊस पडून गेला, विहीर भरली, नर्सबाईनं पाणी तपासायला नेलं आणि चांगलं असल्याचं सांगितलं, तरी खबर नाही. वाड्यात कुजबुज सुरू झाली. लता मेढींकडं बघायची नाही. चांगुणा ज्याला त्याला ठणकावून सांगायची की एक दार बंद झालं तर दुसरं उघडेल. आतून मात्र ती पोखरली होती, आणि भाकऱ्या करपायला लागल्या होत्या. मग दिवाळीच्या सुमाराला पुंजाराम एकटाच आला. विहिरीवर जाऊन आत डोकावला, मग ओट्यावर बसून त्यानं बायकोचा निरोप जसाच्या तसा सांगितला: तारीख तुम्ही धरा, पंचांग मी चुलीत घातलं.

थंडीत मांडव पडला. सगळ्या गावाला आमंत्रण होतं. कारभारीआप्पा आहेर घेऊन आले, मानाच्या खुर्चीवर बसले. चांगुणानं स्वतः पेला पुढं केला, तर आत्ताच पिऊन आलो, म्हणाले. "मग पुढच्या लग्नाला तहान घेऊन या," ती म्हणाली आणि पेला पुढच्या माणसाला दिला.

तेवढ्यात वऱ्हाडाचा ट्रक आला. वरमाईला ओवाळायला बाया पुढं झाल्या, पण लंकाबाईनं त्यांना हातानंच थांबवलं आणि सत्तावनी कुठं आहे ते विचारलं. पांढरं स्वच्छ लुगडं नेसलेली बाई सगळ्या मांडवामधून चालत विहिरीवर गेली. तिनं स्वतः पोहरा सोडला, ओढला, तांब्या भरला. सगळ्यांच्या देखत तोंड लावून प्याली. मग उरलेला तांब्या घेऊन ती चांगुणापाशी आली. चांगुणानं मनमाडला धरली होती तशी ओंजळ पुढं केली.

"ओंजळ नाय, इहीणबाई," लंकाबाई म्हणाली. "तांब्या धरा. माझं उष्टं हाय, चालंल ना?"

चांगुणानं तांब्या दोन्ही हातांनी धरला आणि तोंडाला लावला. आयुष्यभर जिला कुणी गप्प करू शकलं नव्हतं, त्या बाईला तांब्या रिकामा झाल्यावरही काही बोलता येईना. लंकाबाईनं तो तिच्या हातातून काढून घेतला आणि पुन्हा भरायला विहिरीकडं गेली.